आधी नियमांचं पान

"रिपोर्ट नंतर. आधी नियमांचं पान उघड." गजभिये मॅडम कोणाच्याही टेबलाशी आल्या की हे पहिलं वाक्य. चहापाणी, ख्यालीखुशाली त्यानंतर, जमलं तर. बिबवेवाडीतल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही सर्किट बोर्डांचे आराखडे करायचो आणि मॅडम ते तपासायच्या. त्यांच्या सहीशिवाय आराखडा कारखान्यात जात नसे. पडद्यावर 'चुका शून्य' असं हिरव्या अक्षरांत आलं की आमची छाती फुगायची आणि मॅडमचं नाक आक्रसायचं. "शून्य म्हणे. पेपर काढणारा हाच, सोडवणारा हाच."

मला हे काम त्यांनीच शिकवलं. बोर्डावर प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत तांब्याच्या बारीक रेघा जातात. त्यांतले सिग्नल एकाच वेळी पोचायला हवेत, म्हणून रेघांची लांबी जुळवायची. आखूड रेघेला नागमोडी वळणं देऊन लांबवायचं. कोणत्या रेघा एका गटात घ्यायच्या आणि त्यांच्यात किती फरक चालेल, हा नियम आपण लिहायचा. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेवढंच तपासतं. एकदा मी जागा वाचवायला वळणं अगदी खेटून काढली होती. मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "शी. गटारात अळ्या वळवळाव्यात तशी दिसताहेत." दोन दिवस मला जेवण गेलं नाही, पण वळणं सुटी काढायला शिकलो.

मग नवजात बाळांच्या मॉनिटरचा बोर्ड आला. त्यात डेटाच्या आठ रेघा आणि नववी क्लॉकची, जिच्या ठोक्यावर मेमरी त्या आठांना वाचते. क्लॉक आखूड पडत होती आणि तिला वळणं द्यायला जागाच उरली नव्हती. जागा करायची तर अर्धा बोर्ड उसकटावा लागला असता, आणि आराखडा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी क्लॉकला गटातून काढून टाकलं. उरलेल्या आठ रेघा एकमेकींशी छान जुळल्या. चुका शून्य. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

मॅडमनी नियमांचं पान उघडून बोटाने रेघा मोजल्या. भंडाऱ्याहून पुण्यात येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, तरी संतापल्या की तिकडचा शब्द निघायचा. "क्लॉक काहून काढली?" मी जागेचं रडगाणं गायलो. तेवढ्यात साहेब आले. बोर्ड चालेल, पुढचं पुढे बघू, सही करा, म्हणाले.

"बाळाच्या उशाशी लागणार आहे हे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

साहेबांनी सहीचा कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. त्या सहीची मला आजही किळस येते.

मॅडमनी त्याच दिवशी राजीनामा देऊन टेबलाचा खण रिकामा केला. मला कायम 'तू' म्हणणारी ती बाई जाताना माझ्यापाशी थांबली. "तुम्हाला चूक कळत होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "न कळणाऱ्याची मला कीव येते. तुमची येत नाही."

बोर्ड ग्राहकाच्या चाचणीतच, जरा तापल्यावर अडकू लागले. बाळांपर्यंत पोचले नाहीत, हे नशीब. ग्राहकाला साहेबांनी सांगितलं की तपासणाऱ्या बाईंनी हयगय केली, त्यांना काढलंय. मी शेजारी बसून बिस्किट चहात बुडवत होतो.

पुढे एका कंपनीतून मला फोन आला. मॅडमना ते घेणार होते. बोर्ड परत आले ते त्यांच्यामुळेच का, एवढंच विचारत होते. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "मला नीट कल्पना नाही." ती नोकरी त्यांना मिळाली नाही. सध्या त्या कर्वेनगरला एका क्लासमध्ये शिकवतात, असं ऐकतो.

त्यांच्या खुर्चीवर आता मी बसतो. नवीन लोकांच्या टेबलाशी गेलो की आधी नियमांचं पान उघडायला लावतो. परवा एक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्याइतकं प्रामाणिकपणे कोणीच चेक करत नाही."

मी हसून थँक यू म्हणालो.

शी.