गिटारचा पट्टा
कपाट आवरताना गिटारचा चामडी पट्टा हाती आला आणि जुन्या घामाचा वास नाकात गेला. बारामतीच्या घरी माझ्याकडे तीन भारी गिटारी होत्या. डाव्या हाताची बोटं आखडली, तारा दाबता येईनात, तेव्हा दोन विकल्या. तिसरी सर्वांत आवडती, शेवटी तीही विकायला काढली. पण एकदा पडून तिच्या पुढच्या फळीला तडा गेला होता. कारागिराने तो असा सांधला होता की सांगितल्याशिवाय कळत नसे. इंदापूरकडचे एक शेतकरी मुलीसाठी ती पाहायला आले. मुलीने वाजवून बघितली, तिला पसंत पडली. वडिलांनी मात्र बैलबाजारात विचारावं तसं विचारलं, “खोड काय हाय, ते आधी सांगा.” मी गप्प बसलो असतो तर व्यवहार तिथेच मिटला असता, आणि मला तो मिटवायचाच होता. तरी तडा दाखवला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि मुलीला म्हणाले, “खोड सांगून इकतो, त्याचंच जनावर घ्यावं.” “अप्पा, गिटार हाय ही, खोंड न्हाय,” ती हसली. निघताना त्यांनी पट्टा सोडून माझ्या हातात दिला. तोही तुमचाच, असं मी म्हटलं. “न्हाय. जनावर इकलं तरी दावं मालकाकडंच ऱ्हातं. दावं गेलं की गोठ्यात पुन्हा जनावर येत न्हाय.” माझ्या गोठ्यात आता काही येणार नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आज पट्टा टाकून द्यायला काढला होता. होता तिथेच परत ठेवला.