काचेवरचं मिठागर

करंजाड्यातल्या घराच्या मागच्या खोलीत दिपिका घरत मिठाने चित्रपट काढत होती. नोकरीही अ‍ॅनिमेशनचीच, पण तिथे दुसऱ्यांची चित्रं हलवायची. हा चार मिनिटांचा लघुपट मात्र तिचा स्वतःचा. तिचे वडील तुळशीराम ज्या मिठागरात तीस वर्षं राबले, ते मिठागर तिला पुन्हा उभं करायचं होतं. त्या जागेवर भराव पडला होता, गावही उठून करंजाड्याला आलं होतं. मागे एक फोटोसुद्धा नव्हता. मिठागरात कॅमेरा घेऊन कोण जाणार?

रीत साधी, पण जीव खाणारी होती. काचेवर मीठ पसरायचं, खालून दिवा लावायचा, बोटाने आणि कुंचल्याने आकृती काढायची, वरून फोटो घ्यायचा. मग आकृती केसभर हलवून पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावरचा एक सेकंद. पावसाळ्यात मीठ ओल धरून चिकटायचं, म्हणून काम फक्त दिवाळीनंतर ते मेपर्यंत. मिठागराचाही हंगाम तोच. आई, हौसा, दर रविवारी मीठ चाळणीने चाळून उन्हात वाळवून द्यायची. त्यावर ती काही बोलायची नाही.

तुळशीराम दाराशी खुर्चीत बसून बघायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तोंडातून एकच शब्द फुटायचा, ‘हाय’. भूक लागली तरी हाय, राग आला तरी हाय.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दिपिका मीठ ओढणारा माणूस काढत होती. लांब दांड्याची लाकडी फळी घेऊन तो कोंडीतून, म्हणजे मीठ पिकतं त्या वाफ्यातून, पुढे पुढे चालला होता. तिसऱ्या रविवारचं काम, प्रसंग संपत आला होता. तुळशीराम काठी टेकत आले, वाकले आणि डावा पंजा काचेवरून सपकन फिरवला. माणूस, फळी, कोंडी, सगळं पुसलं गेलं.

“बाबा! तीन आठवडे घातलेत मी यात!” दिपिका ओरडली. आजारी माणसावर ती पहिल्यांदाच ओरडली होती.

“हाय,” ते म्हणाले. “हाय, हाय!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यांनी काठी दोन्ही हातांत फळीसारखी धरली. उजवा हात धड मिटतही नव्हता. त्यांनी एक पाऊल मागे टाकलं. काठी स्वतःकडे ओढली. आणखी एक पाऊल मागे. तिसऱ्या पावलाला तोल गेला, दिपिकाने धावत जाऊन कमरेला मिठी मारली आणि दोघं भिंतीला टेकून खाली बसले.

हौसा दारात आली. “मीठ फुडं चालून वढत नाय गो,” ती म्हणाली. “जमलेल्या मिठावर पाय परला का त्यान चिखल येतं. मागं मागं जायाचं. ह्येच सांगतान ते.”

दिपिकाने तो प्रसंग पहिल्यापासून काढला. या खेपेला चार रविवार लागले. झाल्यावर तिने तो वडिलांना लॅपटॉपवर दाखवला. नऊ सेकंद. तुळशीरामांनी बोटाने खूण करून तो पुन्हा लावायला लावला, मग पुन्हा.

जूनमध्ये ते गेले. दिपिकाने काच पेपरात गुंडाळून कपाटामागे ठेवली. दिवाळी झाली तरी ती तिकडे वळली नाही. एका रविवारी हौसाने न सांगता मीठ चाळलं, गच्चीवर वाळवलं आणि परात आणून तिच्यापुढे ठेवली. दिपिका उठली आणि काच पुसायला लागली.

पुढच्या एप्रिलमध्ये लघुपट पुरा झाला. दोन महोत्सवांनी नाकारला, एकाने घेतला. पण पहिल्यांदा तो दाखवला करंजाड्यातच, समाजमंदिरात, चादर बांधून. उठलेल्या गावातली चाळीसेक माणसं आली. पडद्यावरचा माणूस मागे मागे चालायला लागला तशी पुढे बसलेली म्हातारी माणसं वाकून बघायला लागली. एकाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

दिवे लागल्यावर टाळ्या वाजल्या. मग त्याच गावातली, सत्तरी उलटलेली भामा उभी राहिली. “बेस केलास, बाय. पन आमी बायका कुटं हाव? वढलेलं मीठ होडीपरयंत वाह्यलं कोनी? तुजे आयेशीनं आन् मीनं. एकेक पाटी मनाची, चालीस शेरांची.”

दोन वर्षं जी बाई तिच्यासाठी मीठ चाळत होती, तिच्याकडे दिपिकाने वळून पाहिलं. हौसा खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

घरी आल्यावर दिपिका म्हणाली, “आये, तू कधी बोलली नाहीस.”

“तू इचारलंस कंदी?” हौसा म्हणाली. आवाजात राग नव्हता.

ती केस सोडून पाटावर बसली. दर आठवड्याला दिपिकाच तिच्या डोक्याला तेल लावायची. टाळूवर रुपयाएवढी जागा उघडी होती. वयाने केस गेले असतील, असंच ती आजवर समजत आली होती. आज तिने तिथे बोट टेकवलं.

“पाटी इथं असायची?”

“इथंच. पानी गलायचं त्यातून. डोल्यांत जायाचं.”

“सांग मला,” दिपिका म्हणाली, आणि तेलाची वाटी खाली ठेवून आईच्या समोर येऊन बसली.