अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची सफाई

एका दिवंगत संगीतकाराच्या गावाकडच्या घराचं संग्रहालय झालं, तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मावशी तिथे झाडलोट करतात. गेल्या महिन्यात नव्या साहेबांनी त्यांना रंगेहाथ पकडलं. ‘हात लावू नये’ अशी पाटी असलेल्या पियानोची एकेक पट्टी त्या फडक्याने दाबून पुसत होत्या.

“रोज करता हे?”

“रोज. वरवर पुसलं तर धूळ फटीत बसते, साहेब.”

आता नोकरी जाणार, हे मावशींनी ओळखलं. नुकसान किती झालं ते पाहायला साहेबांनी पियानो दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने सगळ्या पट्ट्या वाजवून पाहिल्या.

“न वाजवलेल्या पियानोच्या पट्ट्या ओलीने अडकून बसतात. इथे एकही अडकलेली नाही. रोज कोण वाजवतं?”

“वाजवतंय कसलं,” मावशी म्हणाल्या. “मी पुसते.”

“मग पुसत राहा,” तो म्हणाला.

साहेबांनी मावशींच्या कामाच्या यादीत ते लिहून घातलं आणि त्यांचे आभार मानले.

“माझे कसले आभार? दोन्ही मुलींची शिक्षणं या घरावर झाली. फक्त बसायला काहीतरी द्या, उभ्याने कंबर भरून येते.”

संगीतकाराच्या स्टुलावरही तीच पाटी होती. साहेबांनी ऑफिसातली स्वतःची खुर्ची उचलून आणली.