बाबांच्या पिशवीतला हार

मित्रांनो, आज बाबांसोबत सांताक्रूझला एक जुनी गाडी बघायला गेलो होतो.

आई गेलं वर्षभर अंथरुणात आहे. एसटीत, ट्रेनमध्ये तिला बसवत नाही. स्वतःची गाडी असली की मागच्या सीटवर झोपवून तिला गणपतीला गावी नेता येईल, एवढंच बाबांच्या डोक्यात.

माझा गॅरेजवाला मित्र नितीन सोबत होता. त्याने बॉनेट उघडून ऑइल बघितलं. दुधाच्या चहासारखं झालेलं. "इंजिनात पाणी उतरलंय रे. घाटात वाट लागेल. नको घेऊ."

बाबा म्हणाले, "दुरुस्त करून घेऊया ना." मी नाही म्हटलं.

परत येताना रिक्षात त्यांची पिशवी कलंडली. आत झेंडूचा हार, नारळ आणि चाकाखाली ठेवायची लिंबं. सगळं घेऊनच निघाले होते.

बोरीवलीला घरात शिरलो, तर आईने आतून विचारलं, "गाडी इली?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "इली गो. खाली उभी आसा."

आता ती मला हाका मारतेय. "माका जरा खिडकीशी ने रे, हार घातलेली गाडी बघूची आसा."

मी अजून स्वयंपाकघरातच उभा आहे. काय सांगू तिला?