माझ्या कामावर भाच्याचं नाव

ताट माझ्या हातात होतं. शाल, नारळ, फेटा. सर म्हणाले, "सरळ धर गं, फोटोत येतंय." मग त्यांनी शाल उचलली आणि स्वतःच्या भाच्याच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. सत्कार कशाचा? मी केलेल्या कामाचा.

नवी पेठेच्या मागं आमचं ऑफिस, सर त्याचे मालक. दुकानांची बिलं छापणारं सॉफ्टवेअर बनवायचं. त्यात एक खुला प्रोग्राम वापरलेला. जगभरातले लोक मिळून लिहितात, फुकट. कुणीही उघडून बघावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. मराठी बिलात अक्षरं तुटायची. गिऱ्हाईक बोंबलायचं, सर माझ्यावर ओरडायचे. मी त्या प्रोग्रामच्या आत शिरले. सहा रविवार गेले. तीनदा दुरुस्ती परत आली, कुठं चुकलं ते लिहून. परदेशातला कोण कुठला माणूस, माझी एकेक ओळ वाचत होता. माझं काम असं कुणी कधी वाचलंच नव्हतं. चौथ्यांदा त्यानं घेतली. मी खुर्चीतल्या खुर्चीत रडले.

पण नाव लागलं भाच्याचं. माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता. ऑफिसच्या मशीनवर बसायचे, आणि तिथं सगळीकडं त्याचंच नाव भरून ठेवलेलं. काही पाठवलं की आपोआप तेच लागायचं. रीतच तशी. कोड कुणीबी लिहा, नाव मालकाच्या घरचं. बदलायला अर्धं मिनिट लागतं. मी बदललं नाही. भ्याले. रुजू झाले तेव्हाच सरांनी सांगितलं होतं, "आडनाव सांगत बसू नकोस, गिऱ्हाईकं विचारतात."

आणि मी तरी किती येडी! सर म्हणाले, त्या दुरुस्तीचा सत्कार ठेवलाय. कुणाचा, ते मी विचारलंच नाही. माझाच धरून चालले, बापाला फोन करून मोकळी झाले. बा गावाकडनं, मंद्रूपहून आला. इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसला.

पाहुण्यांतल्या एका कॉलेजच्या मास्तरांनी भाच्याला विचारलं, "नेमकं काय दुरुस्त केलंत?"

भाचा माझ्याकडं बघून हसला. "ती सांगेल. टायपिंग करते आमच्याकडं."

टायपिंग!

मी ताट टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हे काम मी केलंय."

सर हसतच बोलले, "तुम्हा लोकांना सगळं सवलतीत मिळतंय की. आता श्रेयबी पायजे व्हय?" दोघं-तिघं हसले. बाकीचे पेढ्याच्या बॉक्सकडं बघत बसले.

मग बा उठला. मला वाटलं, बोलेल. बानं हात जोडले. "पोर चुकली सायेब. चूक पदरात घ्या."

मेले मी तिथंच. सरांचं बोलणं एक वेळ गिळलं असतं. पण मी खरी असताना माझा बाप माझ्यासाठी माफी मागत होता. एसटी स्टँडवर तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे बाय, काम तर शिकलीस की." गाडी सुटेपर्यंत त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी तोंडात ओढणी कोंबून रडले.

सोमवारपासून त्या ऑफिसची पायरी चढले नाही.

शहरात मी राहते त्या वस्तीतल्या विहारात दान आलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. तिथं बसायला लागले. पहिल्यांदा नाव भरलं, आडनावासकट. त्या परदेशातल्या माणसाला सगळं लिहून कळवलं. त्यानं लिहिलं, वाईट वाटलं, पण मागची नोंद आता बदलता येत नाही. पुढचं काम पाठव. पाठवलं. दोन परत आली, एक घेतलं. कामाला तो लई कडक. पण आडनावावरून एक शब्द नाही.

परवा सरांचा फोन आला. मी मंद्रूपला होते, बा शेजारीच. बिलं पुन्हा बिघडलेली, भाच्याला काही उमगेना. सर म्हणाले, "तेवढं नीट करून गपचूप मला पाठव. झालं गेलं विसरू."

"करीन सर. पण तुम्हाला पाठवणार नाही. सगळ्यांसाठी त्या खुल्या प्रोग्रामात टाकीन, माझ्या नावानं. पायजे तर तिथनं घ्या, फुकट आहे."

बा घाबरला. "आसं बोलू न्हाय गं सायबांना."

"बोलणार, बा. आणि तूबी आता कुणापुढं हात जोडायचे नाहीत."

बा उठून बाहेर गेला. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. काळीज तुटतं माझं. ती पहिली दुरुस्ती तर भाच्याच्याच नावावर राहणार, मी मेल्यावरसुद्धा. राहू दे. पण आता माझी एक ओळसुद्धा दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही. बाप रुसला तरी नाही.