मोठीमायची सांजेची रिंग

मोठीमाय गेली, हे मला शेजारच्या शांताकाकीच्या पोरानं फोनवर हिंदीत सांगितलं. मी पुण्याकडं, कंपनीत ड्युटीवर होतो. मध्य प्रदेशात बालाघाटला उतरून बिरसाकडच्या आमच्या गावी पोचलो, तोवर सगळं उरकलं होतं...

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांची मोठी वहिनी. आई वारल्यावर मला तिनंच वाढवलं. आठवीत शाळा सोडली तेव्हा सगळे बोलले, ती बोलली नाही. ताटात भात वाढला. मी कामाला इतक्या दूर आलो आणि आमचा एक रिवाज पडला. तिच्या बटनाच्या फोनवर दोनचं बटन दाबून धरलं की मला लागायचा. सांजेला एक रिंग, म्हणजे जेवली, बरी आहे. दोनदा वाजला तर मी लावायचा. ती रिंग आल्याशिवाय मला घास उतरत नसे.

मागच्या दिवाळीत मी टचचा फोन नेला. तोंड पाहून बोलू म्हटलं. ती म्हणाली, "मले जुनाच बरा हाये रे. अंधारातही लागते." मी ऐकलं नाही. वारासिवनीच्या दुकानात तिचं सिम नव्यात बसवलं, जुना तिथंच देऊन टाकला. दोन दिवस शिकवलं. तिला ना लावता यायचा, ना उचलता. शेवटी मी चिडलो, लहान लेकरं चालवतात, तुले काहून जमत नाही? ती हसली. "माह्या डोक्यात भुसा हाये, दुसरं काय."

मी परतलो आणि रिंग बंद झाली. मी लावायचो, नुसता वाजत राहायचा. काकीचा पोरगा जवळ असला तरच उचलायचा. शिकेल हळूहळू, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

त्या सकाळी तिच्या छातीत कळ आली. काकी सांगते, ओट्यावर फोन घेऊन बसलेली दिसली, हाक मारायचं सोडून. "तुलेच लावून राह्यली होती."

तेरवीनंतर मी तो फोन काकीपुढं धरला. माझ्या नावावरचं हिरवं चिन्ह दाखवलं, दाबून पाहा म्हटलं. काकीनं दाबलं. काही नाही. लुगड्याला बोट पुसून पुन्हा दाबलं. काही नाही. मग तिनं हात उलटा करून पाहिला. धानाची रोवणी, तेंदूपत्ता, चूल... बोटांची टोकं चामड्यासारखी झालेली, भेगाळलेली.

"आमची बोटं ह्याले समजतच नाही का रे?"

मी माझं बोट नुसतं टेकवलं. खिशातला माझा फोन लगेच वाजला. वर नाव आलं, मोठीमाय. ना उचलला, ना कापला... वाजू दिला.