बत्तीस, अठ्ठावीस आणि तिसरी बंदूक

हरिचंद्र साळवींशी ज्याचं कधी वाजलं नाही, असा माणूस अंबरनाथच्या शिवमंदिराच्या गल्लीत शोधून सापडला नसता. चौतीस वर्षं त्यांनी लेथवर काढली. तेवढ्या काळात तीन फोरमन, एक सुपरवायझर आणि सख्खा धाकटा भाऊ इतक्यांशी बोलणं टाकलं. भांडणाचं मूळ दर वेळी एकच असे: समोरचा मोजमाप न करता बोलला.

निवृत्तीनंतर ते खरवईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका नेमबाजी क्लबात लागले. तिथे यंत्र हवेत तबकड्या फेकतं आणि नेमबाज बारा बोअरच्या बंदुकीने त्या फोडतात. बंदुका साफ करणं, तेल देणं, दुरुस्त करणं हे साळवींचं काम. शिकवायचं काम अवधूतचं. अवधूत अडतीसचा, एके काळी राज्याकडून खेळलेला. पहिल्याच आठवड्यात दोघांचं फाटलं, आणि पुढे दोन वर्षं ते शिवायला कुणी सुई घेतली नाही.

त्यात तेजल आली. खरवईचीच, चोवीस वर्षांची. उंची जेमतेम पाच फूट एक. अवधूतने तिच्या हातात बत्तीस इंची नळीची बंदूक दिली.

“मोठे खेळाडू हीच वापरतात. नळी लांब तेवढा बार जोरात, आणि निशाण्यावर छर्रेही जास्त,” तो म्हणाला.

कपाटाशी बसलेल्या साळवींना राहवलं नाही. “काडतुसातली दारू नळीच्या पहिल्या वीतभरातच जळते. अठ्ठावीस इंचीपेक्षा चार इंच जास्त म्हणून छर्ऱ्याला कसला जोर येतोय? उगाच पोरीला थापा मारू नकोस.”

“साळवीकाका, तुम्ही तेलाचं बघा.”

“तेलाचंच बघतोय. तुझ्या डोक्याला कमी पडलंय.”

तीन महिने तेजल ती बंदूक घेऊन उभी राहिली. तबकडी समोरून सुटून लांब जायची, आणि तिची नळी हलायच्या आधीच अर्धं अंतर कापायची. पंचवीसात अकरा, बारा. एकदा नऊ. अवधूत सगळ्यांसमोर म्हणाला, “नऊ? शेतावर पाखरं हाकलायला जा.” तेजलने कानावरचे मफ काढले नाहीत. तिला ऐकू आलं नाही असं अवधूतला वाटलं. साळवींना मात्र तिची मान लाल झालेली दिसली.

दुसऱ्या दिवशी ते क्लबच्या सेक्रेटरींकडे गेले. मिलिंद हे सेक्रेटरी. भांडणाचा वास आला की यांना फोन येतो. पण त्या दिवशी साळवींनी फोन खिशात ठेवायला लावला. मैदानावर दोन मोठे कागद ताणून बांधले. दोन्ही बंदुकांच्या तोंडाला छर्रे आवळून सोडणारा सारखाच चोक बसवला, काडतुसं एकाच खोक्यातली घेतली आणि चाळीस पावलांवरून एकेक बार टाकला. मग भोकं मोजायला बसले. बत्तीस इंचीच्या कागदावर जेवढी, जवळजवळ तेवढीच अठ्ठावीस इंचीच्या.

“दिसलं? नळीच्या लांबीने फरक पडतो तो फिरवण्यात,” साळवी म्हणाले. “आखूड नळी चटकन वळते. लांब नळी सावकाश वळते. ही पोर एवढीशी. हिला अठ्ठावीसच पाहिजे. शेंबड्या पोराला कळेल.”

अवधूतने कागद फाडून चुरगाळला. “मग उद्यापासून तुम्हीच शिकवा.”

“शिकवतो!”

मिलिंदनी खिशातला फोन पुन्हा बाहेर काढला. तेजलला काय वाटतं, हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही.

अठ्ठावीस इंचीने पहिले दोन आठवडे बरे गेले. पंधरा, सोळा. साळवी अवधूतसमोरून मुद्दाम शीळ घालत फिरले. तिसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा तेरावर आला. मग बारावर. साळवी तिच्या मागे उभे राहून ओरडू लागले, “हात आखडतेस! बंदूक हलकी दिलीय तरी नखरे!”

तेजलने बंदूक उघडली, काडतुसं काढली, बंदूक स्टँडला लावली आणि वळली.

“बस झालं, काका. सर बोलले म्हणून मी बत्तीस घेतली. तुम्ही बोललात म्हणून अठ्ठावीस. माझी उंची बघितलीत, बाकी काय बघितलंत? मी गावच्या कबड्डी संघात सात वर्षं खेळलेय. दोन-दोन बाया ओढून नेल्यात रेषेवर. वजनाचा लोच्या नाहीच आहे.”

तिने खिशातून एक वही काढून त्यांच्या हातात कोंबली. प्रत्येक चुकलेल्या तबकडीपुढे बाण काढला होता. बत्तीसच्या पानांवर सगळे बाण मागे: नळी तबकडीच्या मागे राहिली. अठ्ठावीसच्या पानांवर सगळे बाण पुढे: तिच्या खांद्याच्या जोराने हलकी नळी तबकडीला ओलांडून निघून गेली.

साळवी वही उभ्याउभ्या वाचत राहिले. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी माणसं तोडली, तीच आपण केली होती. मोजलं नव्हतं. नुसतं बघितलं होतं आणि बोललो होतो. पण चूक झाली म्हणायची सवय जिभेला नव्हती. ते म्हणाले, “अक्षर घाण आहे तुझं.”

“तीस इंची नाहीये का क्लबात?” तेजलने विचारलं.

होती. कपाटाच्या तळाशी, गोणपाटात गुंडाळलेली. दोन वर्षांपूर्वी अवधूतच्या हातून ती सिमेंटच्या कट्ट्यावर पडली आणि दस्ता चिरला. ‘ज्याने फोडली त्याने जोडावी,’ असं म्हणून साळवींनी तिला हात लावला नव्हता. अवधूतनेही विचारलं नव्हतं. दोघांच्या हट्टापायी क्लबातली एक चांगली बंदूक धूळ खात पडली होती.

साळवींनी गोणपाट सोडलं. पुढचे चार दिवस ते त्या बंदुकीलाच लागले. चिरेत सरस भरला, आतून पितळी खिळी बसवली, दस्ता घासून सारखा केला. पाचव्या दिवशी आधी स्वतः दहा बार टाकून बघितले आणि मग बंदूक तेजलपुढे धरली.

“धर. आणि वहीत लिही. मी काही बोलत नाही.”

ते खरोखर बोलले नाहीत. कपाटाची कडी घट्ट धरून उभे राहिले. पहिल्या दिवशी सतरा. त्याच आठवड्यात वीस. बाण कधी मागे, कधी पुढे, पण एकाच बाजूला गर्दी नाही.

दोन महिन्यांनी राज्य स्पर्धेत तेजल सातवी आली. पुढच्या फेरीला लागणाऱ्या गुणांपेक्षा तिचे दोन जास्त होते. त्याच दुपारी अवधूतने क्लबच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘माझ्या मेहनतीचं फळ.’

साळवी पेटले. क्लबच्या अंगणात त्यांनी अवधूतची कॉलर धरली. “चोर! तीन महिने हिचा नेम नासवलास आणि फळ तुझं?”

“आणि तुम्ही काय दिवे लावलेत? बारावर आणून ठेवली होतीत!”

तेजल मध्ये आली आणि तिने साळवींचं मनगट ओढून सोडवलं. जोर तोच, कबड्डीतला. “सर, फोटो काढा ग्रुपवरून, आत्ता. काका, तुम्ही दस्ता जोडलात त्याचं थँक यू मी म्हटलंय, परत म्हणणार नाही. माझ्या नावाने भांडायचं असेल तर मी दुसरा क्लब बघते.”

अवधूतने फोटो काढला. साळवी मागे सरले, पण माफी त्यांनी मागितली नाही. तेजलनेही कुणाकडे हसून बघितलं नाही. बंदूक जमा करून निघून गेली.

आजही साळवी आणि अवधूत यांचं बोलणं नाही. काही सांगायचं असलं तर फळ्यावर खडूने लिहितात, आणि दुसरा वाचून पुसतो. गेल्या महिन्यात हेंद्रेपाड्याची प्राची नावाची नवी मुलगी आली. चांगली पाच फूट आठ. तिने दारातूनच विचारलं, “काका, माझ्या हाइटला कुठली नळी?”

साळवींनी तिन्ही बंदुका टेबलावर काढून ठेवल्या, शेजारी एक कोरी वही टाकली.

“हाइट मी विचारली का?” ते खेकसले. “तिन्हीने पंचवीस-पंचवीस बार टाक. चुकलीस तर कुठे चुकलीस ते लिही. मग माझं डोकं खा.”